‘इन्सुलिनची प्रतिकारशक्ती’? नको!

सोलापूरहून विचारणा आली आहे: वजन बरंच वाढलेल्या माणसाची साखर नॉर्मल, पण मान काळी पडलेली, डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणाले. त्याला मराठीत ‘इन्सुलिन प्रतिकारशक्ती’ म्हणायचं का, आणि साखर ठीक असताना ती ओळखायची कशी?

पहिल्याचं उत्तर: मुळीच नाही. प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. ती ‘वाढली आहे’ असं ऐकून पेशंट खूश होऊन घरी जातो. शिवाय संस्कृतात प्रतिकार म्हणजे उपायसुद्धा. म्हणजे आजारालाच औषधाचं नाव!

‘अवरोध’वाले त्याहून चुकतात. अवरोध म्हणजे वाट अडणं. इथे इन्सुलिन पेशीपर्यंत पोचतं. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी साखर आवरायचा त्याचा निरोप नीट ऐकत नाहीत, इतकंच. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं, आणि ते पुरं पडतं तोवर साखर नॉर्मल दिसते. परिभाषावाल्यांचा लाडका ‘प्रतिरोध’ चालेल, पण तो विज्ञानाच्या पुस्तकातल्या विजेच्या रोधाचा सख्खा भाऊ. त्यात जीव नाही.

माझं मत ‘प्रतीप’ला. इन्सुलिन हे नाव लॅटिन ‘इन्सुला’वरून आलं, म्हणजे बेट. जर्मन संशोधक पाउल लांगरहान्सला 1869 मध्ये स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके दिसले. पुढे त्यांना बेटं म्हणू लागले. 1909 मध्ये बेल्जियमच्या जाँ द मेयर या शास्त्रज्ञाने तिथल्या स्रावाचं नाव ठेवलं, स्राव हाती लागायच्या आधीच! तो टोरोंटोत 1921 मध्ये सापडला. आता आपल्याकडे या. बेट म्हणजे द्वीप: द्वि अधिक अप्, दोन बाजूंना पाणी. पाणिनी सांगतो की द्वि, अंतर् आणि उपसर्ग यांच्यापुढे ‘अप्’मधल्या ‘अ’चा ‘ई’ होतो. म्हणून द्वीप, अंतरीप, समीप आणि प्रतीप! प्रतीप म्हणजे प्रवाहाच्या उलट. बेटावरून निघालेल्या रसाला पेशी प्रतीप झाल्या. दोन्हीकडे पाणी एकच. ‘इन्सुलिन-प्रतीपता’ जिभेला जड वाटणाऱ्यांनी आधी ‘हायपरइन्सुलिनेमिया’ (रक्तात इन्सुलिन वाढणं) म्हणून दाखवावं.

हां, ओळखायचं राहिलं. काळी मान म्हणजे मळ नव्हे, वजरीने घासू नका; घासल्याने कातडी आणखी जाड होते. मखमलीसारखा जाड काळपट पट्टा मानेवर, काखेत, जांघेत दिसतो, सोबत बारीक लोंबते मस. रक्तात वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं.

मग टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. भारतीय पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर ही मर्यादा. पोटाखाली घसरलेल्या पँटच्या पट्ट्यावर मोजलं तर आकडा खोटा कमी येतो. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ट्रायग्लिसराइड 150 मिलिग्रॅम किंवा वर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषात 40 च्या आणि बाईत 50 च्या खाली असेल तर संशय बळावतो.

होमा-आयआर, म्हणजे ही प्रतीपता मोजणारा आकडा, हवाच असेल तर उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले 405. इन्सुलिन 18 मायक्रोयुनिट आणि साखर 96 मिलिग्रॅम असेल तर उत्तर 4.27. साखर निर्दोष, तरी गणित बोंबलतंय. अडीचच्या वर गेलं की संशय घ्यायची पद्धत आहे, पण ही रेघ दगडावरची नाही. लॅबची पद्धत बदलली की आकडाही हलतो. रक्त आठ ते बारा तास उपाशी राहून द्यावं, त्याआधी ‘फक्त अर्धा कप’ चहासुद्धा नको. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी दिसतं, मग नमुना पुन्हा द्यावा. इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असणाऱ्याला मात्र हे सूत्र लावूच नये. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन सगळा हिशेब बिघडवतं.