प्रागमध्ये दोन पूर्ण दिवस मिळाले तर काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने?

मे महिन्यात तुम्ही दोघं, हाताशी दोन पूर्ण दिवस, गर्दीचा कंटाळा, आणि बायकोचा गुडघा दुखतो म्हणून चढ नको, असं तुम्ही लिहिलंय. मग क्रम असा लावा की ट्रामने वर जाता येईल, पायी हळूहळू खाली येता येईल आणि चार्ल्स ब्रिज उजाडतानाच पाहून होईल. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालतं.

पहिला दिवस किल्ल्याचा. किल्ला म्हटल्यावर आपल्याकडच्या गडासारखे तट-बुरूज डोळ्यांपुढे येतात, पण इथे राजवाडे, चर्च, चौक आणि गल्ल्यांची एक अख्खी वस्तीच आहे. २२ नंबरच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ या स्टॉपवर न उतरता पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. तो स्टॉप किल्ल्यापेक्षा उंचावर आहे. सकाळी आठच्या सुमारास पोहोचलात तर शेजारच्या स्त्राहोव मठाच्या बाजूने सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं आणि तिथे फारसं कुणी नसतं. मठाचं ग्रंथालय उशिरा उघडतं, शिवाय त्याची दालनं साध्या तिकिटावर फक्त दारातूनच पाहता येतात, म्हणून मी ते सोडून देईन. तिथून लोरेटान्स्का रस्त्याने सावकाश उतरत नऊपर्यंत किल्ल्याच्या दारात.

किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट लागत नाही, आतल्या इमारतींना लागतं. सेंट व्हायटस कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन हे सगळं एकाच तिकिटात येतं. ते दोन दिवस चालतं, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. आधी कॅथेड्रल करा, कारण साडेदहानंतर टूर-ग्रुपांची रीघ लागते. रविवार असेल तर क्रमच बदला, कारण प्रार्थनेमुळे दुपारी बारापर्यंत पर्यटकांना प्रवेश नसतो. बांधकाम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं, त्यामुळे आत शिरल्यावर दिसणारा पुढचा निम्मा भाग चक्क नवा आहे. डाव्या हाताच्या तिसऱ्या चॅपलमध्ये चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे. शेजारच्या खिडक्यांपेक्षा तिचे रंग मऊ, एकमेकांत मिसळलेले, जवळजवळ चित्रासारखे वाटतील, कारण तिथे काचेवर रंगकामही आहे. अगदी तळाशी नजर टाका, खर्च उचलणाऱ्या बँकेचं नाव तिथे लिहिलंय! दक्षिणेच्या मनोऱ्याला वेगळं तिकीट आणि २८७ पायऱ्या आहेत. तुमच्यासाठी नकोच.

जुन्या राजवाड्यात व्लादिस्लाव हॉलच्या बाजूची खोली चुकवू नका. २३ मे १६१८ ला इथल्याच खिडकीतून दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खाली फेकलं गेलं. तिघेही वाचले, पण युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. गोल्डन लेनमधलं २२ नंबरचं घर १९१६-१७ मध्ये लेखक फ्रान्झ काफ्का लिहायला वापरायचा. ही गल्ली फार चिंचोळी आहे आणि दुपारी पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी इमारती बंद झाल्यावर तिथून फुकट जाता येतं, फक्त घरांच्या आत शिरता येत नाही.

बहुतेक लोक इथून जुन्या पायऱ्यांनी खाली मालोस्त्रान्स्का या मेट्रो-ट्राम स्टॉपकडे उतरतात. दुखऱ्या गुडघ्याला उतरणीच्या पायऱ्या चढणीपेक्षाही वाईट. तुम्ही उलटे दुसऱ्या चौकात या, तिथल्या उत्तरेकडच्या दारातून पूल ओलांडून ट्राम-स्टॉप गाठा आणि २२ नेच खाली मालोस्त्रान्स्काला उतरा. समोरच व्हॅलेनस्टाइन बाग आहे. एप्रिल ते ऑक्टोबर ती उघडी असते, प्रवेश मोफत, आणि मोर मोकळे फिरत असतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार्ल्स ब्रिज. मेमध्ये सव्वापाचच्या आसपास सूर्य उगवतो. सहाच्या आत पुलाच्या जुन्या शहराकडच्या टोकाला उभे राहा आणि पश्चिमेकडे चालू लागा. तेव्हा ऊन तुमच्या पाठीवर असतं आणि किल्ला समोर उजळलेला दिसतो. संध्याकाळी याच्या उलट, सूर्य किल्ल्याच्या मागे जातो आणि फोटोत काळी आकृती उरते. दहानंतर माणसं, चित्रकार आणि खिसेकापू सगळेच हजर. पुलाची पायाभरणी १३५७ ची. कठड्यांवरचे ३० पुतळे त्याहून बरेच नंतरचे, आणि त्यांतल्या बऱ्याच जागी आता प्रतिकृती आहेत. संत जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखाली पितळेसारख्या चकाकणाऱ्या दोन जागा दिसतील. उजव्या पाटीवर त्याला नदीत फेकतानाचा प्रसंग आहे, नशिबासाठी हात लावायची पद्धत तिथली. डावीकडचा कुत्रा पर्यटकांनी उगाच घासून चमकवलाय.

नऊच्या आत जुन्या शहराच्या चौकात या. १४१० च्या खगोलीय घड्याळातले प्रेषित, म्हणजे येशूच्या शिष्यांचे पुतळे, सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला खिडकीतून सरकतात, आणि पाऊण मिनिटात खेळ खलास. तेवढ्यासाठी अर्धा तास ताटकळत उभं राहणं मला पटत नाही. त्यापेक्षा गर्दी पांगल्यावर तबकडी नीट पाहा. बाहेरच्या कड्यावरचे सोनेरी आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात, म्हणून ते कडं ऋतूप्रमाणे थोडं थोडं फिरत राहतं. टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, तिथे जरूर जा. खाली फरसबंदीत २७ पांढरे क्रूस दिसतील. १६२१ मध्ये इथे देहदंड दिलेल्या बंडखोरांची ती आठवण आहे.

तिथून योसेफोव्ह, म्हणजे जुना ज्यू मोहल्ला, चालत पाच मिनिटांवर. शनिवारी आणि ज्यू सणांना तिथलं ज्यू संग्रहालय बंद असतं, त्यामुळे तारखा आधीच जुळवा. त्यातल्या पिंकास सिनॅगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या जवळपास ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. इथे घाई करू नका.

संध्याकाळ लेत्ना बागेत. व्ल्टावा नदीवरचे पूल एकामागोमाग एक तिथूनच दिसतात. नदीकडून पायऱ्यांनी न चढता ट्रामने लेतेन्स्के नामेस्तीला उतरा, म्हणजे सपाट रस्त्याने आत जाता येईल. डान्सिंग हाउस ही वाकडी-तिकडी आधुनिक इमारत ट्राममधून पाहिली तरी पुरे. चौकात जागोजागी विकतात तो त्रदेल्निक, म्हणजे दांड्यावर भाजलेला साखर लावलेला पावाचा रोल, ‘पारंपरिक चेक’ म्हणून खाऊ नका, गोड आवडतं म्हणून खा.

मेट्रोला गेट नाहीत, म्हणून लोक बेफिकीर राहतात आणि सरकत्या जिन्याखाली तपासनिसाला सापडतात. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात ठसा मारल्यावरच लागू होतं. ट्राममधल्या यंत्रातून कार्डाने काढलेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच छापलेली असते. एटीएमने ‘रुपयात रूपांतर करू का?’ विचारलं तर नाही म्हणा, कोरुना या चेक चलनातच पैसे घ्या. पैसे बदलून देणाऱ्या ‘शून्य कमिशन’च्या खिडक्यांवर दर वाईट असतो. फसलातच तर पावती जपून ठेवा, तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करून घ्यायचा हक्क चेक कायद्याने दिलाय.