किलिमांजारोसाठी पाच दिवस पुरतील का?

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो, वय ५२. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त दार-ए-सलाम येथे असून येत्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे जाणार आहे. त्याच प्रवासात किलिमांजारोचे शिखर गाठण्याची इच्छा आहे. तेथील एका पर्यटन संस्थेने मारांगू मार्गाने पाच दिवसांचा कार्यक्रम सुचवला आहे. मी रोज पहाटे पळतो, पावसाळ्यात जानापाव चढतो, रक्तदाब वा मधुमेह नाही. पाच दिवस पुरतील का, आणि विरळ हवेची तयारी इंदुरात राहून कशी करावी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पाच दिवस अपुरे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचा तुमच्या वयाशी किंवा पळण्याशी फारसा संबंध नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि किलिमांजारोचे उहुरू शिखर ५८९५ मीटरवर. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो. ही तूट भरून काढण्यास शरीराला दिवस लागतात, आणि व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. उलट दमदार माणसे पहिले दोन दिवस झपझप चालतात आणि तिसऱ्या रात्री डोके धरून बसतात.

गिर्यारोहण-वैद्यकातील सर्वमान्य नियम असा, की ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. मारांगू मार्गावरील निवारे मात्र मंदारा २७२०, होरोंबो ३७२० आणि किबो ४७२० मीटरवर आहेत; म्हणजे दररोज हजार मीटरची उडी, आणि किबोला पोहोचल्यावर त्याच मध्यरात्री शिखराकडे आणखी सुमारे १२०० मीटरची चढाई. एक दिवस वाढवून कार्यक्रम सहा दिवसांचा केला, तर होरोंबोला दुसरा मुक्काम करता येतो. त्या दिवशी चार हजार मीटरपर्यंत चढून पुन्हा खाली झोपायला यायचे असते. याहून उत्तम म्हणजे माचामे किंवा लेमोशो मार्ग, सात किंवा आठ दिवसांचा. त्यावर सुमारे ४६०० मीटरवरील लाव्हा टॉवरला जाऊन मुक्काम सहा-सातशे मीटर खाली बारांको येथे होतो. तेथे निवारे नाहीत, तंबूत राहावे लागते, एवढीच गैरसोय. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दर दिवसाच्या हिशेबाने आकारले जात असल्याने पाच दिवसांचा कार्यक्रम स्वस्त दिसतो; काटकसर करायचीच असेल, तर ती परतीच्या सफारीत करावी.

इंदुरात राहून विरळ हवेची सवय होणार नाही. जानापाव जरूर चढावा, पण पाठीवर पाच-सहा किलोचे ओझे घेऊन, आणि उतरण्याकडे अधिक लक्ष देऊन. कारण शिखर गाठल्यावर त्याच दिवशी दोन हजार मीटरहून अधिक उतरावे लागते आणि गुडघे तेथेच बोलू लागतात.

डायमॉक्स या नावाने मिळणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते, परंतु सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये, आणि इतरांनीही ती आपल्या मनाने सुरू करू नये. डोकेदुखी व मळमळ असेपर्यंत वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी तत्काळ खाली उतरायचे. अशा वेळी गोळीवर विसंबून थांबणे जिवावर बेतू शकते. वाटाड्या सोबत असणे तेथे सक्तीचेच आहे. त्याच्याजवळ प्राणवायूची नळकांडी असते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. प्रवास विमाही नीट वाचावा, कारण अनेक योजनांत ठरावीक उंचीपलीकडील पदभ्रमण वगळलेले असते. सहा हजार मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला असावा.

फेब्रुवारीची निवड चांगली आहे. मार्चच्या मध्यापासून तेथे मोठा पाऊस सुरू होतो. शिखराच्या रात्री तापमान शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणून पाण्याची बाटली उलटी ठेवावी, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चव तेवढी घशाखाली उतरते, तेव्हा इंदुरी शेव अवश्य न्यावी. फक्त टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी असल्यामुळे ती डब्यात भरावी.