पोस्टरवर ब्लेड नको

प्रश्न: ताई, ६ फेब्रुवारीला आमचं महिला मंडळ एका संस्थेसाठी सीताबर्डीत मुलींच्या खतन्याविरुद्ध, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापायच्या प्रथेविरुद्ध, पोस्टर लावतंय. डिझाइनवाल्यानं रक्ताळलेलं ब्लेड अन् रडणारी पोरगी काढलीय. अर्ध्या जणी म्हणतात लोकं हादरलेच पाहिजेत, मला मात्र कसंतरीच होतंय. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: तुम्हाला कसंतरी होतंय ते बरोबरच आहे हो. बसमधून उतरताना जिला ते ब्लेड दिसेल तिच्यावरच लहानपणी हे झालेलं असलं तर? आणि बाकीचे मान फिरवतात, नाहीतर ‘हे आफ्रिकेतलं’ म्हणून पुढे जातात. युनिसेफनं २०२४ मध्ये सांगितलं की जगात २३ कोटींहून जास्त मुली-बायका यातून गेल्यात, आफ्रिकेत जास्त हे खरं, पण आशियातही कोट्यवधी आहेत, आणि आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या बायकांनी स्वतःच पुढे येऊन हे बोलून दाखवलं, या प्रथेविरुद्धची सुप्रीम कोर्टातली याचिका २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेली. म्हणून समाजाला पिंजऱ्यात उभं करणारी एक ओळही नको, बोलायचंय ते आई-आजीशी.

त्या बायकांपैकी काहींनी सांगितलंय, सातव्या वर्षाच्या आसपास आइस्क्रीमचं आमिष दाखवून आजीनं नेलं. तेच काढा ना! वितळत चाललेला कप, शेजारी छोट्या चपला, अन् खाली साधं वाक्य: यानं तब्येतीला काडीचा फायदा नाही, रक्तस्राव, इन्फेक्शन, पुढे बाळंतपणात त्रास मात्र होतो. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ मोठ्या अक्षरात टाका, कोपऱ्यात बारीक नको.