वाचकांचे प्रश्न : १.९ नंतर काय?

प्रश्न : आम्ही कॉलेजातली चार मुलं बसच्या वेळापत्रकाचं ओपन सोर्स अ‍ॅप चालवतो. सध्या आवृत्ती १.९.० आहे. पुढची १.१० म्हटली तर ती १.१ एवढीच वाटते, म्हणून काहींचं मत थेट २.० करावं असं आहे. काय करावं? (फोंडा)

उत्तर : बिनधास्त १.१०.० करा. आवृत्तीतला टिंब म्हणजे दशांश चिन्ह नव्हे. धडा पहिला, पाठ दहावा असं ते वाचायचं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० आवृत्ती ३.९ नंतरच आली, २०२१च्या ऑक्टोबरात.

२.० केव्हा करायचं हे आकडे संपले की नाही यावर ठरत नाही, तुमच्यावर विसंबलेल्याचं काम मोडतं का यावर ठरतं. तुमच्या वेळापत्रकाच्या फाइलीत ‘थांबा’ नावाचा रकाना आहे असं धरा. पणजी–फोंडा फेरीची चुकलेली वेळ दुरुस्त केली, तर १.९.१. रविवारच्या फेऱ्यांसाठी नवा रकाना जोडला आणि जुने तसेच राहिले, तर १.१०.०. पण ‘थांबा’चं नाव बदलून ‘स्थानक’ केलंत, तर ती फाइल वाचणारा दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम बंद पडेल, तिथे २.०.० हवं. नाव बदलणं आपल्याला दोन मिनिटांचं काम वाटतं, समोरच्याची मात्र अख्खी संध्याकाळ जाते. या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं, असं तिच्यात गृहीत असतं. म्हणून लोक रोज वापरायला लागले की ०.८, ०.९ करत रेंगाळू नये, १.० जाहीर करावं.

१.१० वर आलात की तीन ठिकाणी ठेच लागते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट, टॅगची (म्हणजे आवृत्तीवर लावलेल्या नावाच्या चिठ्ठ्यांची) यादी अक्षरक्रमाने लावतं, त्यामुळे १.१० हे १.९ च्या वर दिसतं. क्रम आवृत्तीनुसार लावण्याचा पर्याय द्या. सेटिंग लिहायच्या यॅमल फाइलीत पायथॉनची आवृत्ती ३.१० अशी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर ते संख्या म्हणून वाचलं जातं आणि ३.१ होतं. बिल्डला, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार करताना, भलतंच पायथॉन मागितलं जातं आणि चूक शोधण्यात दिवस जातो. तिसरं डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजचं. तिथे चाचणीची आवृत्ती (आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट) ‘१.१०.०~आरसी१’ अशी टिल्ड घालून लिहा. टिल्ड असलेली आवृत्ती अंतिम आवृत्तीच्या आधीची धरली जाते. टिल्ड न घालता ‘१.१०.०आरसी१’ लिहिलंत, तर तीच अंतिमपेक्षा नवी ठरते आणि ज्यांनी चाचणी केली त्यांच्याच यंत्रावर अंतिम आवृत्ती चढत नाही.

आणि एकदा बाहेर गेलेल्या आवृत्तीला हात लावू नका. फाइल चुकली तर टॅग हलवून तीच पुन्हा चढवण्याचा मोह होतो. मग एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली लोकांकडे फिरतात आणि तक्रार कुठल्या फाइलीची हे कळायला मार्ग उरत नाही. १.१०.१ काढा, आकडे फुकट आहेत.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू घालायचं आहे. सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी का? (साखळी)

उत्तर : नको, एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती घ्या. उबुंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना : २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. सम वर्षांच्या एप्रिलातली आवृत्ती एलटीएस, तिला ५ वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मधल्यांना फक्त ९ महिने. जूनमध्ये शाळा उघडताना मधली आवृत्ती घातली, तर वर्ष संपायच्या आत सगळी यंत्रं पुन्हा हातात घ्यावी लागतील.

प्रश्न : आमचं रिलीज दर वेळी ‘एवढं एकच फीचर होऊ दे’ म्हणून दोन-दोन महिने लांबतं. उपाय? (म्हापसा)

उत्तर : तारीख ठरवा आणि फीचरला वाट पाहायला लावा. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असाच चालतो : दोन आठवडे नवीन कोड घ्यायचा, मग दर आठवड्याला एक आरसी, त्यात फक्त दुरुस्त्या. सहसा सातव्या-आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती येते. ज्याचं काम राहिलं त्याला पुढची गाडी नऊ-दहा आठवड्यांत मिळते, म्हणून कोणी घाईने कच्चा कोड कोंबत नाही. रिलीज वर्षातून एकदाच असेल, तर तो कोंबला जाणारच.

चार-पाच जणांच्या गटाला तीन महिन्यांचं चक्र झेपतं. दहा आठवडे काम. अकराव्या आठवड्याच्या सोमवारी रिलीजची वेगळी शाखा (कोडची स्वतंत्र वाट) काढा आणि आरसी१ द्या; त्या शाखेत यापुढे दुरुस्तीखेरीज काही नाही. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करा, मग तिथून रिलीजच्या शाखेत आणा. उलट केलंत तर ती मुख्य शाखेत आणायची राहून जाते आणि तोच बग पुढच्या आवृत्तीत परत येतो. तेराव्या आठवड्यात, मंगळवारी किंवा बुधवारी, रिलीज. शुक्रवारी नको, कारण बिघडलं तर शनिवार-रविवारी बघायला कोणी नसतं.

अर्धवट फीचर डोळे मिटून रिलीजमधून वगळता यावं, म्हणून ते सुरुवातीपासून सेटिंगमधल्या एका खटक्यामागे ठेवा. हे नसेल तर तारीख पाळणं कागदावरच राहतं. डेटा खराब करणारा बग सापडला, तर मात्र तारीख खुशाल पुढे न्या. उबुंटूने २००६च्या एप्रिलातली आवृत्ती जूनवर ढकलली होती आणि आकडाही ६.०४ चा ६.०६ केला.

वर्षाच्या चार तारखा आखताना कॅलेंडर समोर घ्या. चवथीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात रिलीज ठेवू नका; गावी गेलेला माणूस आरसी तपासत नाही.