बार्बाडोसला पहिल्यांदाच जाताय? आधी किनारा ठरवा

हॉटेलांचे फोटो नंतर बघा. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब आहे, पण प्रत्येक बाजूचा समुद्र वेगळा.

पश्चिमेला होलटाऊनच्या आसपास पाणी शांत असतं. लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर हीच बाजू घ्या. खोल्या मात्र महाग. एरवी पहिल्या खेपेला मी दक्षिण किनाराच सुचवेन, हेस्टिंग्जपासून ऑइस्टिन्सपर्यंत. बस सारख्या मिळतात, गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला निखाऱ्यांवर मासे भाजतात, तो धुराचा वास कपड्यांना चिकटून खोलीपर्यंत येतो. आणि 2024चा टी-20 विश्वचषक आपण जिंकलो ते केन्सिंग्टन ओव्हल बसच्या टप्प्यातच आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- फोटो पाहून पूर्वेला बाथशेबात मुक्काम करणं. मीही केला होता. खडकांवर फुटणाऱ्या लाटा अप्रतिम, पण चार दिवसांत पोहता एकदाही आलं नाही. तिथे दिवसाची सहल पुरे.
- भाव कुठल्या डॉलरमधला, हे न विचारणं. 1 अमेरिकन डॉलर म्हणजे 2 बार्बाडोस डॉलर. कर, सेवाशुल्क धरून एकूण आकडा मागा.
- दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लॉरेन्स गॅप या बार-रेस्टॉरंटांच्या गल्लीत रस्त्याकडेची खोली घेणं. रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात.

शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. समुद्राला लागून खोली हवी हा हट्ट सोडा. इथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, पाच मिनिटं चालायची तयारी ठेवलीत की बरेच पैसे वाचतात.