अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट-ॲपना सारखंच वागवावं, या तत्त्वाचे) नियम राज्यागणिक वेगळे का? हा निव्वळ डेमोक्रॅट-रिपब्लिकन वाद आहे का?

पक्षाचा रंग आहेच, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने) ३-२ मतांनी याबाबतचे केंद्रीय नियम रद्द केले आणि राज्यं पुढे सरसावली. सगळ्यात आधी आदेश निघाला तो माँटानात, जानेवारी २०१८ मध्ये. गव्हर्नर डेमोक्रॅट, पण राज्याने २०१६ ला ट्रम्पना निवडलेलं! गव्हर्नरांनी इंटरनेट कंपन्यांवर थेट बंदी घातली नाही. सरकारी कंत्राट हवं असेल तर नियम पाळा, एवढंच सांगितलं. ओरेगॉनही याच वाटेने गेलं. वॉशिंग्टनने मात्र मार्चमध्ये सरळ कायदाच केला, आणि तिथे रिपब्लिकन आमदारांचीही मतं पडली.

सर्वात कडक कायदा कॅलिफोर्नियाचा, एसबी ८२२. त्या उन्हाळ्यात मोठा वणवा पेटलेला असताना सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाचा डेटा व्हेरायझन या मोबाइल कंपनीने मंद केला होता. हा प्रकार काटेकोरपणे न्यूट्रॅलिटीत बसतो का यावर वाद आहे, पण लोकांना विषय कळला तो यामुळे. ठरावीक ॲपचा डेटा फुकट देण्यालाही या कायद्याने चाप लावला. परिणामी २०२१ मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने ती सोय देशभर बंद केली, कारण इंटरनेट राज्याच्या सीमेवर थांबत नाही.

म्हणूनच मला राज्यांचे कायदे फार मोलाचे वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने एफसीसीने नंतर आणलेले नवे नियमही रद्द केले, तेव्हा ग्राहकाच्या हाती हेच कायदे उरले.

आपल्याकडे दूरसंचार केंद्राच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे २०१६ चा ट्रायचा (आपल्या दूरसंचार नियामकाचा) नियम सगळ्या राज्यांना सारखाच लागू झाला.