टेस्ट केलेलं रक्त चढवूनही डायलिसिसवरच्या वडिलांना हिपॅटायटिस सी कसा झाला?

बहुतेक वेळा तो पिशवीतून नाही, डायलिसिस युनिटमधूनच येतो. मी टेक्निशियन आहे, घाईच्या शिफ्टमध्ये तेच ग्लोव्हज घालून दुसऱ्या पेशंटची लाईन जोडली, हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) एकच बाटली चारजणांत फिरली की झालं, रक्ताचा न दिसणारा थेंबही पुरतो. रक्तपेढीत सी ची टेस्ट 2001 पासून सक्तीची आहे, पण डोनरला नुकतीच लागण झालेली असेल तर साध्या अँटीबॉडी टेस्टमध्ये काही आठवडे सापडत नाही, थेट विषाणूचा अंश शोधणारी नॅट टेस्ट बरीच आधी पकडते, म्हणून रक्ताची शक्यता अगदी शून्य म्हणता येणार नाही. आधी आरएनए टेस्ट (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते सांगणारी) करून घ्या, नुसती अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजार चालूच आहे असं नसतं. असला तरी गोळ्यांनी डायलिसिसवाल्यांचाही बरा होतो, साधारण 12 आठवडे.